डीपीएफचा दिवा विझतो आणि महिन्याभरात परत लागतो, तेव्हा काय तपासायचं

बीएस-६ (धुरावरचे भारत स्टेज ६ नियम पाळणारी) डिझेल गाडी शहरात चालवणाऱ्यांकडून एक तक्रार मला सतत ऐकू येते. मीटरवर नळकांड्यात ठिपके असलेलं पिवळं चिन्ह लागतं. हा डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा दिवा. सर्व्हिस सेंटरला गाडी नेली की ते लॅपटॉप जोडतात, अर्धा तास गाडी रेझ करून ठेवतात, दिवा जातो, बिल हातात येतं. दोन-तीन आठवडे बरे जातात आणि दिवा परत. असं तीन-चारदा झालं की मग कुणीतरी कानात सांगतं, "फिल्टर काढूनच टाका, कटकट मिटेल."

त्या सल्ल्यापर्यंत पोचलेल्यांसाठी हे लिहितोय. फिल्टर भरतोय एवढंच दिवा सांगतो. तो का भरतोय हे शोधल्याशिवाय दिवा विझवत राहणं म्हणजे पैसे घालवणं. आणि माझ्या अनुभवात बहुतेक वेळा कारण फिल्टरच्या बाहेर कुठेतरी असतं.

फिल्टरच्या आत काय चालतं

हे दोन मिनिटं समजून घ्या, कारण पुढची सगळी तपासणी यावरच उभी आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. बीएस-४ वरून मधली पायरी सोडून आपण थेट इथे आलो. डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कण सोडायची मुभा होती, ती ४.५ मिलिग्रॅमवर आली. डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आलं. शिवाय कणांच्या वजनासोबत त्यांच्या संख्येवरही मर्यादा आली, आणि ती गाठायची तर एक्झॉस्टमध्ये गाळणी बसवण्यावाचून इलाज नव्हता. ही गाळणी म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर, डीपीएफ. युरोपात हे तंत्र जुनं आहे; पूझोच्या ६०७ गाडीत २००० सालीच ते कंपनीतून बसून आलं होतं.

आत सिरॅमिकचा जाळीदार ठोकळा असतो. त्यातल्या बारीक नळ्या एकाआड एक टोकांना बंद केलेल्या असतात. धूर एका नळीत शिरतो, पुढे वाट बंद असते, म्हणून भिंतीच्या सूक्ष्म छिद्रांतून शेजारच्या नळीत जाऊन बाहेर पडतो. काजळी मात्र भिंतीवरच राहते. ती साचत गेली की एक्झॉस्ट तुंबतो, म्हणून गाडी ती वेळोवेळी जाळून टाकते. याला रिजनरेशन म्हणतात, गॅरेजच्या भाषेत 'रिजन'.

रिजन दोन प्रकारे होतं. हायवेवर एक्झॉस्ट २५० ते ४०० अंशांच्या घरात सलग तापलेला असला की नायट्रोजन डायऑक्साइडमुळे काजळी आपोआप हळूहळू जळते. तुम्हाला पत्ताही लागत नाही. पण शहरातल्या वाहतुकीत एक्झॉस्ट तितका तापतच नाही, आणि सिग्नलला एसी लावून उभ्या असलेल्या गाडीत तर तो आणखी थंड पडतो. अशा वेळी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, दुसरा मार्ग धरतो. पिस्टन खाली जात असताना थोडं जास्तीचं डिझेल मारलं जातं. ते सिलिंडरमध्ये न जळता एक्झॉस्टमधल्या कॅटॅलिस्टवर (धुरावर रासायनिक क्रिया घडवणाऱ्या भागावर) जाऊन जळतं, आणि फिल्टरचं तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं. या उष्णतेत काजळी जळते. हे काम साधारण दहा ते वीस मिनिटं चालतं, आणि ते पूर्ण व्हायच्या आधी तुम्ही गाडी बंद केलीत की अर्धवट राहतं.

रिजन चालू आहे हे ओळखता येतं. उभ्या गाडीत आरपीएम नेहमीपेक्षा शे-दोनशेने वर असतो. सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन बंद होत नाही. त्या क्षणाचं अ‍ॅव्हरेज दाखवणारा आकडा एकदम खाली येतो. आणि घरी येऊन चावी फिरवल्यावरही रेडिएटरचा पंखा जोरात घोंगावत राहतो, खालून तापलेल्या लोखंडाचा वास येतो. पार्किंगमध्ये पंखा असा चालू राहिला तर समजा, रिजन अर्धवट तुटलं. जमत असेल तर पुन्हा गाडीत बसा आणि दहा-पंधरा मिनिटं मोकळ्या रस्त्याने फिरवून आणा. अशा वेळी गाडी वाळक्या गवतावर किंवा पाचोळ्यावर मात्र कधीच लावू नका. उन्हाळ्यात माळावर, शेताच्या बांधाला गाडी लावायची आपल्याकडे सवय असते. ६०० अंशांचा फिल्टर बुडाखाली असताना त्यातून आग लागू शकते.

आधी वापर बघा

पहिला प्रश्न गाडीचा नाही, तुमच्या रोजच्या रस्त्याचा आहे. सिंहगड रोडवरून शिवाजीनगरला ऑफिस, संध्याकाळी परत, मध्ये मुलांची शाळा आणि भाजी. एवढंच चालणं असेल तर इंजिन धड गरम होईपर्यंत तुम्ही पोचलेले असता. रिजन सुरू होतं, तुटतं, परत सुरू होतं, परत तुटतं. अशा गाडीत काहीही बिघाड नसताना दिवा लागू शकतो.

यावर उपाय साधा आहे. आठ-पंधरा दिवसांतून एकदा गाडी मोकळ्या रस्त्याला काढायची आणि वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवायची. पुण्यातल्या लोकांना मी नवले पुलावरून साताऱ्याच्या दिशेने जायला सांगतो. नव्या कात्रज बोगद्यापर्यंत सलग चढ आहे, आणि चढावर इंजिनावर भार पडून एक्झॉस्ट जसा तापतो तसा सपाटीवर तापत नाही. पुढे खेड शिवापूरपर्यंत रस्ता बरा मिळतो. वेग ६० ते ८० पुरे. आरपीएम २,००० च्या थोडा वर राहील असा गिअर धरा. बऱ्याच डिझेल गाड्यांत वरच्या गिअरला ७० च्या वेगाने आरपीएम दीड हजारावरच राहतो, तेव्हा एक गिअर खाली घ्या. अ‍ॅव्हरेज थोडं पडेल, पडू द्या. येताना बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार अपघातांसाठी बदनाम आहे, तिथे रिजनचा विचार डोक्यातून काढा आणि गिअरमध्ये सावकाश उतरा.

दोन बारीक गोष्टी इथेच सांगतो, कारण याच वेळी त्या आड येतात. टाकीत डिझेल रिझर्व्हला आलेलं असेल तर बऱ्याच गाड्या रिजन सुरूच करत नाहीत. आणि चेक इंजिनचा दिवा आधीपासून लागलेला असेल तरीही करत नाहीत. लोक टाकीत दोन काड्या डिझेल ठेवून गाडी साताऱ्यापर्यंत नेतात आणि म्हणतात, काही फरक पडला नाही. आधी टाकी अर्धी करा, मग निघा.

पिवळा दिवा लागला की पुढच्या दोन-तीन दिवसांत हे करा. दुर्लक्ष केलं तर काजळी इतकी साचते की ईसीयू स्वतःहून रिजन करायला नकार देतो, चेक इंजिन लागतं, गाडीचा पिकअप जातो. मग सर्व्हिस सेंटरला जाऊन स्कॅनरने उभ्या गाडीत रिजन करून घ्यावं लागतं. त्याच्याही पुढे गेलात तर तेही करता येत नाही, फिल्टर उतरवावा लागतो.

हायवेला नेऊनही दिवा परत येत असेल तर

खरी अडचण इथून सुरू होते. माझा ठोकताळा असा: दोन रिजनमधलं अंतर काही शे किलोमीटर असेल तर ठीक. नीट पूर्ण झालेल्या रिजननंतर दीडशे-दोनशे किलोमीटरच्या आत गाडी पुन्हा रिजन मागत असेल, तर तीनपैकी एक गोष्ट घडतेय. इंजिन प्रमाणाबाहेर काजळी करतंय, किंवा रिजनला लागणारी परिस्थिती तयार होत नाही, किंवा सेन्सर खोटं सांगतोय. फिल्टर खरोखर संपला असणं ही चौथी शक्यता आहे, ती शेवटी बघायची. बऱ्याच ठिकाणी नेमकं उलटं होतं: पहिल्याच भेटीत नव्या फिल्टरचं कोटेशन हातात पडतं, आणि काही गाड्यांत ते लाखाच्या वर जातं.

चिंचवडच्या एका परिचित काकांच्या गाडीचं सांगतो, कारण त्यात बरंच शिकण्यासारखं आहे. रोज तळवडे-चिंचवड, महिन्यातून एकदा कोल्हापूर. म्हणजे हायवेचं चालणं भरपूर. तरी दिवा परत परत. सर्व्हिस सेंटरने दोनदा रिजन केलं आणि तिसऱ्यांदा फिल्टर बदलायला सांगितला. काका गाडी घेऊन आकुर्डीच्या एका मिस्त्रीकडे गेले. त्याने बॉनेट उघडायच्या आधी विचारलं, "काका, टेंपरेचरचा काटा मध्यावर येतो का?" काका म्हणाले, येतो, पण उतारावर खाली जातो. बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना तर पार खाली येतो. मिस्त्री म्हणाला, "मग फिल्टरला हात नको लावू. थर्मोस्टॅट उघडा राहिलाय."

स्कॅनर लावला तर बिघाडाचा कोड होता पी ०१२८. कूलंट पाहिजे तितकं तापत नाही, असा त्याचा अर्थ. हा कोड सर्व्हिस सेंटरच्या जुन्या रिपोर्टवरही छापलेला होता, फक्त त्याकडे कुणी बघितलं नव्हतं. थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, उघडा अडकला की कूलंट सतत रेडिएटरमधून फिरतं, इंजिन थंडच राहतं, आणि थंड इंजिनात ईसीयू रिजन सुरू करत नाही. वर थंड इंजिन काजळीही जास्त करतं. थर्मोस्टॅट आणि कूलंट बदललं, एकदा स्कॅनरने रिजन केलं, आणि तोच जुना फिल्टर अजून चालतोय. नव्या फिल्टरच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ होता.

म्हणून गॅरेजला गेलात की पहिली मागणी ही करा: सगळे कोड दाखवा, फक्त डीपीएफचा नको. पी २४६३ म्हणजे काजळी जास्त साचली. तो परिणाम आहे, कारण नाही. त्याच्या जोडीला पी ०२९९ असेल तर टर्बोची हवा कमी पडतेय. पी ०४०१ असेल तर ईजीआरचा, म्हणजे थोडा जळका वायू परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेचा, प्रवाह अपुरा आहे. पी २४५२ असेल तर डीपीएफच्या प्रेशर सेन्सरचं सर्किट बघायला हवं. आधी या जोडीच्या कोडचा निकाल लावायचा, मग फिल्टरकडे वळायचं.

टर्बोच्या हवेचं प्रकरण फार वेळा सुटून जातं. टर्बोपासून इंटरकूलरला (ती हवा थंड करणाऱ्या भागाला) आणि तिथून इंजिनाला जाणारे रबरी होज काही वर्षांत क्लँपच्या जागी चिरतात. इंजिनाला मोजलेल्यापेक्षा कमी हवा मिळते, डिझेल तेवढंच पडतं, आणि न जळलेल्याची काजळी होते. जुन्या गाडीत मागून काळा धूर निघाला असता आणि तुम्हाला लगेच कळलं असतं. डीपीएफवाल्या गाडीत तो धूर फिल्टर गिळतो, म्हणून बिघाड दिसत नाही, फक्त फिल्टर लवकर भरतो. होजच्या सांध्यापाशी तेलकट काळा थर दिसतोय का बघा. गाडी रेझ केल्यावर हवेचा 'फिस्स' आवाज येतो का ऐका. चीर लहान असेल तर होज काढून हाताने वाकवल्याशिवाय ती उघडत नाही. नुसतं वरून टॉर्च मारून "सगळं ओके आहे" म्हणणाऱ्यावर विसंबू नका.

तसाच एअर फिल्टर. आपल्या धुळीत कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरपर्यंत तो टिकेलच असं नाही, विशेषतः रस्त्याची कामं चालू असलेल्या भागात. तो स्वस्त आहे, वेळेआधी बदला. ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने अर्धवट उघडा अडकला तरी इंजिनात जास्त जळका वायू जातो आणि काजळी वाढते. इंजेक्टर गळका असेल तर सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिन थरथरतं आणि डिझेलचा उग्र वास येतो. इंजेक्टर तपासायला पंप-नोझलच्या चांगल्या दुकानात जा. प्रत्येक इंजेक्टर किती डिझेल परत सोडतोय हे ते मोजून दाखवतात.

आता सेन्सर. फिल्टरच्या आधी आणि नंतर अशा दोन बारीक नळ्या निघून एका प्रेशर सेन्सरला जातात. दोन्हींतल्या दाबाच्या फरकावरून फिल्टर किती तुंबलाय याचा अंदाज ईसीयू बांधतो. या नळ्या उष्णतेने कडक होऊन तडकतात, कधी आत पाणी साचतं, कधी काजळीने चोंदतात. तपासायची एक सोपी रीत आहे, आणि तुमच्या डोळ्यांसमोर करून घेता येते. चावी ऑन करायची पण इंजिन सुरू करायचं नाही, आणि स्कॅनरवर डीपीएफचा दाबफरक बघायचा. इंजिन बंद असताना धूर वाहत नाही, म्हणजे आकडा शून्याच्या जवळच हवा. तिथेच काही भलतं दिसलं तर सेन्सर खोटं बोलतोय, आणि त्याच्या जोरावर केलेलं कुठलंही निदान निरुपयोगी आहे. शून्य बरोबर असेल तर इंजिन सुरू करून रिकाम्या रेसवर आणि मग ३,००० आरपीएमवर आकडा कसा वाढतो ते बघा, आणि रिजनच्या आधी आणि नंतरचे आकडे लिहून ठेवा.

हे आकडे लिहून ठेवणं एवढ्यासाठी की काजळी आणि राख यांतला फरक त्यातूनच कळतो. काजळी जळते. राख जळत नाही. राख येते इंजिन ऑईलमधल्या धातूयुक्त रसायनांतून, आणि ती फिल्टरमध्ये कायमची साचत जाते. रिजन नीट पूर्ण झाल्यावर दाबफरक भरपूर उतरला तर फिल्टर चांगला आहे, काजळीचं मूळ शोधा. रिजननंतरही आकडा जवळपास तिथेच राहिला आणि गाडी लाख-दीड लाख किलोमीटर चाललेली असेल, तर राखेचा विचार करायचा. मग फिल्टर उतरवून त्यासाठीच्या मशीनवर उलट्या दिशेने साफ करून घेता येतो. गाडी धुवायच्या प्रेशर वॉशरने किंवा अ‍ॅसिडने तो धुऊन देणारेही आहेत. तिकडे जाऊ नका. आतला लेप निघून जातो आणि सिरॅमिकला तडा जातो.

ऑईलची पट्टी (डिपस्टिक) बघा, आणि वाढलेली असेल तर थांबा

डीपीएफच्या तक्रारीत इंजिनाला खरा धोका इथे आहे, आणि याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

वर सांगितलं की रिजनसाठी पिस्टन खाली जात असताना जास्तीचं डिझेल मारलं जातं. त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीला लागतं आणि रिंगांसोबत खरवडून खाली ऑईलमध्ये जातं. रिजन कधीतरी होत असेल तर हे चालून जातं. पण दर दोन दिवसांनी रिजन सुरू होऊन तुटत असेल तर ऑईलमध्ये डिझेल वाढत जातं. ऑईल कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. गाडी सपाटीवर लावा, दहा मिनिटं थांबा, पट्टी पुसून परत बुडवा. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल, ऑईल बोटांत चोळल्यावर पाण्यासारखं पातळ लागत असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर गाडी त्या ऑईलवर पुढे चालवू नका. पातळ ऑईलने टर्बोचं आणि क्रँकचं बेअरिंग जातं. पातळी फारच वाढली तर इंजिन स्वतःचंच ऑईल ओढून जाळायला लागतं आणि चावी काढूनही बंद होत नाही. "ऑईल भरपूर आहे, चांगलंच की" असं म्हणणारे लोक मी ऐकले आहेत. डिझेल गाडीत पट्टीवर वाढलेलं ऑईल ही धोक्याची खूण आहे. (काही कंपन्यांनी एक्झॉस्टमध्येच वेगळा इंजेक्टर दिलाय; त्या गाड्यांत हा त्रास जवळपास नसतो.)

ऑईल कुठलं भरायचं याबाबत तडजोड नको. डीपीएफवाल्या गाडीला कमी राख करणारं ऑईल लागतं. डब्यावर एसीईए (युरोपातल्या गाडी उत्पादकांची संघटना) सी२, सी३ अशी 'सी' गटाची खूण असते. या दोन्हींत जळल्यावर उरणाऱ्या राखेची, म्हणजे सल्फेटेड अ‍ॅशची मर्यादा ०.८ टक्के आहे. तुमच्या गाडीला नेमकं कुठलं चालतं ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. बॅरलमधून काढून घातलेलं "डिझेलचंच आहे साहेब" ऑईल एकदा घातलंत तर लगेच काही होणार नाही, पण त्याची राख फिल्टरमध्ये कायमची राहील. आणि शहरातच चालणाऱ्या गाडीचं ऑईल किलोमीटर भरायची वाट न बघता वर्षाच्या आतच बदला.

अ‍ॅडब्लू किंवा डीईएफ नावाचं द्रव ज्या गाड्यांत भरावं लागतं, त्यांच्या मालकांचा इथे गोंधळ होतो. ते वेगळं प्रकरण आहे. त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतं, ते नायट्रोजनच्या ऑक्साइड्सवर काम करतं, काजळीवर नाही. डीईएफची टाकी काठोकाठ भरून डीपीएफचा दिवा जाणार नाही.

फिल्टर काढून टाकण्याबद्दल

आतला ठोकळा फोडून रिकामं नळकांडं परत बसवणारे आणि ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून देणारे सगळ्या शहरांत आहेत. पिकअप वाढतो हेही खरं. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा मूळ रचनेबाहेरचा बदल करता येत नाही, वॉरंटी जाते, आणि अपघातानंतर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते. हे सगळं बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ज्या बिघाडामुळे फिल्टर भरत होता तो बिघाड तसाच राहतो. चिरलेला होज, गळका इंजेक्टर, अडकलेला थर्मोस्टॅट, सगळे आपापल्या जागी. आणि ती काजळी शाळेच्या गेटपाशी, मुलांच्या नाकाच्या उंचीला बाहेर पडते. मी हे कुणालाही सुचवत नाही.

पुढची इंजिनं आणि ही कटकट

"पुढची गाडी घेऊ तेव्हा हा त्रास असेल का?" असं हमखास विचारलं जातं. थोडक्यात सांगतो. फिल्टर जाणार नाही, पण तो तापवायची पद्धत बदलते आहे. ४८ व्होल्टच्या यंत्रणेवर विजेने तापणारे कॅटॅलिस्ट विकसित झालेत. एक्झॉस्ट गरम करायचं काम डिझेलऐवजी विजेने झालं तर छोट्या फेऱ्यांमधला हा त्रास आणि ऑईलमध्ये डिझेल मिसळणं, दोन्ही कमी होतील. छोट्या डिझेल कारमध्ये हा खर्च कोण करेल हा प्रश्न आहे. मला वाटतं, मोठ्या एसयूव्ही आणि ट्रक सोडून कुणीच करणार नाही. मारुतीने तर २०२० मध्ये बीएस-६ येतानाच डिझेल सोडलं.

पेट्रोलवाल्यांनी फार निश्चिंत राहू नये. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणारी टर्बो इंजिनंही बारीक कण सोडतात, आणि युरोपात अशा गाड्यांना पेट्रोलसाठीचा फिल्टर बसतोच. पेट्रोलचा एक्झॉस्ट मुळात जास्त गरम असल्यामुळे तो फिल्टर बहुतांशी आपोआप साफ होतो, एवढाच दिलासा. युरो-७ मध्ये, म्हणजे युरोपातल्या धुरावरच्या पुढच्या नियमांत, कणांची मोजणी २३ नॅनोमीटरऐवजी १० नॅनोमीटरपासून होणार आहे, आणि पहिल्यांदाच ब्रेकमधून उडणाऱ्या धुळीवरही मर्यादा येतेय, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्याही त्यात आल्या. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून बीएस-६ चा दुसरा टप्पा आला, आणि प्रयोगशाळेसोबत प्रत्यक्ष रस्त्यावरचा धूरही मोजला जाऊ लागला.

हायड्रोजन जाळणारं इंजिन हा मला खरोखर आशेचा वाटणारा मार्ग आहे, निदान ट्रक-बससाठी. अशोक लेलँड आणि रिलायन्सने असा ट्रक फेब्रुवारी २०२३ मध्ये बंगळुरूला दाखवला होता. इंधनात कार्बनच नाही, म्हणून इंधनाची काजळी नाही. जी काही होईल ती ऑईलच्या अंशापुरती. नायट्रोजनच्या ऑक्साइड्सचा बंदोबस्त मात्र तिथेही करावाच लागतो.

पण आज गाडी घ्यायची असेल तर माझं मत स्पष्ट आहे. रोजचं चालणं दहा-बारा किलोमीटरचं आणि तेही वाहतुकीतलं असेल तर डिझेल घेऊ नका. पेट्रोल, सीएनजी, हायब्रीड, इलेक्ट्रिक, जे परवडेल ते घ्या. महिन्यातून चार वेळा नाशिक-कोल्हापूर करणाऱ्याला डिझेल अजूनही उत्तम आहे आणि डीपीएफचा त्रास सहसा होत नाही.

सेकंड हँड बीएस-६ डिझेल बघायला जाणार असाल तर सोबत स्कॅनर असलेला माणूस न्या आणि तीन गोष्टी बघा: शेवटच्या रिजननंतर किती किलोमीटर झाले, राखेचा अंदाज किती दाखवतोय, आणि चावी ऑन-इंजिन बंद अवस्थेत दाबफरक शून्य आहे का. स्कॅनर नसला तरी एक तपासणी तुम्ही करू शकता. थंड गाडीच्या सायलेन्सरच्या टोकात बोट घालून आतून फिरवा. फिल्टर जाग्यावर आणि धड असेल तर बोटाला फार तर करडी धूळ लागते. बोट काळंकुट्ट निघालं तर फिल्टर फुटलाय किंवा कुणीतरी काढलाय. मालकाला त्याबद्दल थेट विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर टेस्ट ड्राइव्हसुद्धा न घेता निघा.